पुरात सापडलेली जुनी गाडी आणि 'आहे त्या स्थितीत' हे तीन शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या एका गृहस्थांनी चोवीस दिवसांपूर्वी पुण्यातील खासगी मालकाकडून 2018 सालची, एमएच-08 क्रमांकाची पेट्रोल हॅचबॅक 3,85,000 रुपयांना घेतली. 25,000 रुपये इसार रोख दिला आणि उरलेले 3,60,000 रुपये बँकेतून पाठवले. क्रमांक रत्नागिरी जिल्ह्याचा दिसल्यामुळे त्यांनी इसार देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले होते, 'गाडी चिपळूणच्या पुरात सापडली होती का?' त्यावर उत्तर आले, 'नाही हो, गाडी तेव्हा पुण्यातच होती. एकही क्लेम नाही.' तिसऱ्या आठवड्यात चालत्या गाडीचे स्टीअरिंग एकाएकी जड पडले आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तो विझेना. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढलेल्या सर्व्हिस हिस्टरीत ऑगस्ट 2021 च्या जॉबकार्डावर गाडीत पाणी शिरल्याची नोंद निघाली. वायरिंग आणि कंट्रोल मोड्यूल बदलण्याचा अंदाज 1,10,000 रुपयांचा आहे. विक्रेता फोन घेत नाही. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर 'गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली, पुढे तक्रार करणार नाही' असे लिहून दोघांनी सह्या केलेल्या आहेत. टीटी फॉर्म (मालकी हस्तांतरणाचे अर्ज) भरलेले आहेत, पण आरसी बुकावर अजून विक्रेत्याचेच नाव आहे. तो गाडीचा दुसरा मालक असून त्याने ती 2022 मध्ये घेतली होती. आता काय करावे, आणि तडजोड झाली तर साधारण काय पदरात पडेल?

वाहनांच्या खरेदी-विक्रीचे वाद मी बावीस वर्षे दिवाणी न्यायालयात आणि ग्राहक आयोगात चालवत आहे, आणि अशा प्रकरणांत अशिलाची पहिली तक्रार बहुधा गाडीबद्दल असते. गाडी किती बिघडली, फिटर काय म्हणाला, किती वेळा बंद पडली, हे तो तासभर सांगतो. माझा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: व्यवहाराआधी गाडीबद्दल काय बोलणे झाले, आणि ते कुठे लिहिलेले आहे का? कारण खासगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या वस्तूच्या दर्जाची हमी कायदा आपणहून देत नाही. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 मध्ये वस्तू कामाला योग्य असल्याची किंवा विक्रीयोग्य दर्जाची असल्याची गृहीत शर्त आहे, पण ती त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यापुरती आहे. आपली स्वतःची एकुलती एक गाडी विकणारा नोकरदार त्यात बसत नाही. त्याच्याविरुद्ध 'गाडी खराब निघाली' एवढाच दावा असेल तर तो टिकत नाही. 'गाडीबद्दल जे सांगितले ते खोटे निघाले' हा दावा मात्र टिकतो, आणि आपला दावा दुसऱ्या प्रकारचा आहे.

हा फरक भारतीय करार कायद्याने 1872 मध्येच घोड्याच्या उदाहरणाने सांगून ठेवला आहे. कलम 17 मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे दिलेली आहेत. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. हे कपट नव्हे. मात्र ब ने म्हटले की 'तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन', आणि अ गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याच्या बरोबरीचे ठरते. घोड्याच्या जागी हॅचबॅक ठेवली तरी कायदा तोच राहतो. म्हणजे आपण काहीच विचारले नसते आणि विक्रेता काहीच बोलला नसता, तर आज मला आपल्याला फार आशा दाखवता आली नसती. आपण विचारलेत, तेही नेमके आणि लेखी. आणि तो गप्प न राहता ठाम उत्तर देऊन मोकळा झाला. आपल्या प्रकरणाचा सगळा भार त्या दोन ओळींवर आहे.

त्या ओळींतही कोणते शब्द कामाचे आहेत ते पाहावे. 'गाडी एकदम टकाटक आहे', 'लोण्यासारखी चालते', 'हात लावायची गरज नाही' अशी वाक्ये प्रत्येक विक्रेता बोलतो. ती मालाची स्तुती असते आणि न्यायालय तिला वस्तुस्थितीचे विधान मानत नाही. 'गाडी तेव्हा पुण्यातच होती' आणि 'एकही क्लेम नाही' ही दोन्ही मात्र खरी की खोटी ते तपासता येईल अशी विधाने आहेत. पहिल्याला जॉबकार्डाने सुरुंग लावलाच आहे. दुसऱ्याची खातरजमा जुन्या विमा कंपनीकडून होऊ शकते. पॉलिसी क्रमांक आपल्याकडे असेल तर आजच लेखी विचारणा करावी. कंपनी बाहेरच्या माणसाला माहिती देईलच असे नाही, पण पुढे दावा झाल्यास न्यायालयामार्फत ते कागद मागवता येतात, आणि आपण वेळीच विचारणा केली होती हेही नोंदीवर राहते.

आता विक्रेत्याचा वकील काय म्हणेल? तो 'आहे त्या स्थितीत' हे शब्द पुढे करील. गृहीत हमी कराराने वगळता येतात, हे मालविक्री कायद्याच्या कलम 62 मध्येच आहे, त्यामुळे या शेऱ्याला काहीच अर्थ नाही असे समजू नये. गाडीचे टायर झिजलेले निघाले, क्लच प्लेट गेली, एसीचा कॉम्प्रेसर आवाज करू लागला, तर हा शेरा विक्रेत्याला पुरेपूर वाचवतो. पण असत्य सांगून मिळवलेल्या सहीला त्याच कागदावरील एका ओळीने संरक्षण मिळत नाही. आपण ज्या स्थितीला संमती दिलीत ती स्थिती कोणती हे खोटे सांगितले गेले, म्हणून मुळात संमतीच दूषित झाली आणि करार कायद्याच्या कलम 19 प्रमाणे करार आपल्या इच्छेनुसार रद्द होण्याजोगा ठरला.

विक्रेत्याचा दुसरा बचाव अधिक वजनदार असेल. तो म्हणेल, 'मी गाडी 2022 मध्ये घेतली. 2021 च्या पुराचे मला काय माहीत? मलाही आधीच्या मालकाने तसेच सांगितले होते.' हे खरे असू शकते. पूरग्रस्त गाड्या विम्याच्या दाव्यानंतर स्वस्तात उचलायच्या, धुऊन-पुसून उभ्या करायच्या आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकायच्या, हा धंदा 2005 च्या मुंबईतील महापुरानंतर, 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आणि जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरल्यावर, प्रत्येक वेळी झालेला आहे. आपला विक्रेताही त्याच साखळीतला एक फसलेला गिऱ्हाईक असेल, तर कपट सिद्ध होणे कठीण जाईल. पण कलम 18 इथे आपल्या मदतीला येते. स्वतःकडे पुरेशी माहिती नसताना एखादी असत्य गोष्ट ठामपणे सांगणे, मग सांगणाऱ्याला ती खरी वाटत असली तरीही, या कलमाप्रमाणे चुकीचे निवेदन ठरते. 'मला माहीत नाही, मी नंतर घेतली' असे म्हणायला त्याला कोणी अडवले नव्हते.

मात्र कपटातून चुकीच्या निवेदनावर आलो की एक काटा आपल्या बाजूलाही टोचतो, आणि तो मी लपवणार नाही. कलम 19 ला एक अपवाद जोडलेला आहे: संमती चुकीच्या निवेदनामुळे किंवा कपटयुक्त मौनामुळे दिली गेली असेल, पण साधारण दक्षता घेऊन सत्य शोधून काढण्याचे साधन खरेदीदाराकडे असेल, तर करार रद्द करता येत नाही. जी सर्व्हिस हिस्टरी आपण बिघाडानंतर काढलीत ती आधीही काढता आली असती, असे विक्रेत्याचा वकील म्हणणारच. जाणूनबुजून बोललेल्या थेट खोट्याला हा अपवाद लागू नाही, म्हणून त्याला पुराची गोष्ट ठाऊक होती हे दाखवणारा कोणताही धागा सोडू नये. त्याने स्वतः 2022 नंतर वायरिंगचे किंवा मोड्यूलचे काम करून घेतल्याची नोंद त्याच सर्व्हिस हिस्टरीत आहे का, ते पुन्हा एकदा ओळ न ओळ वाचून पाहावे. तशी एखादी नोंद सापडली तर 'मला माहीत नव्हते' हे म्हणणे तिथेच कोसळते.

आता सर्वांत तातडीचा निर्णय, म्हणजे गाडी परत करून सगळे पैसे मागायचे, की गाडी ठेवून नुकसानभरपाई मागायची. दोन्ही वाटा कायद्यात आहेत, पण दोन्हींवर एकाच वेळी चालता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे, दोन्ही पक्ष एकाच राज्यातील असतील तर विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत हस्तांतरण नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. आपले चोवीस दिवस झाले आहेत, म्हणजे हातात सहा दिवस उरले आहेत. गाडी ठेवणार असाल तर या सहा दिवसांत नमुना 30 हा हस्तांतरणाचा अर्ज दाखल करावा आणि विमाही नावावर करून घ्यावा. त्रयस्थाचा (थर्ड पार्टी) विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी नावावर नसताना नाकारला जातो, आणि असे नाकारलेले दावे मी दरवर्षी पाहतो. गाडी परत करायची असेल तर उलट, हस्तांतरण दाखल करणे म्हणजे मालकी स्वीकारल्याचा पुरावा आपणच आपल्या हाताने तयार करणे होय. त्या परिस्थितीत सहा दिवस संपण्याआधी करार रद्द केल्याची नोटीस रवाना झाली पाहिजे आणि हस्तांतरण का केले नाही याचे कारण तिच्यात लिहिलेले असले पाहिजे.

माझे मत गाडी परत करण्याच्या बाजूचे आहे. पाण्यात बुडालेल्या गाडीचा खर्च पहिल्या अंदाजावर थांबत नाही. आज दोन कनेक्टर हिरवे पडलेले असतात, पुढच्या पावसाळ्यात आणखी चार पडतात, आणि एअरबॅगचे सर्किट ऐनवेळी चालेल की नाही याची खात्री कोणताही फिटर देत नाही. शिवाय स्टीअरिंग जड पडणारी गाडी घेऊन कराड ते पुणे महामार्गावर जाणे मला मान्य नाही. ती आजपासून उभी करावी. मीटरचे वाचन दिसेल असा फोटो काढून ठेवावा, कारण पुढे 'गाडी वापरून परत केली' असा आक्षेप आला तर किती किलोमीटर वापरली हे त्यावरून ठरेल. मनात आल्यास विक्रेत्याला एक गोष्ट शांतपणे कळवता येईल: आरसी बुकावर जोवर त्याचे नाव आहे तोवर अपघाताची भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी नोंदणीकृत मालक म्हणून त्याच्यावरच येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात ते स्पष्ट केलेले आहे. फोन न उचलणारे विक्रेते हे वाचल्यावर पुष्कळदा फोन करतात. धमकीच्या सुरात मात्र ते लिहू नये.

पुराव्याबाबत एकच चूक बहुतेक जण करतात, ती म्हणजे आधी दुरुस्ती आणि मग तक्रार. दुरुस्ती झाली की जुने वायरिंग भंगारात जाते आणि आपल्या हातात फक्त बिल उरते. बिलावरून खर्च सिद्ध होतो, दोष सिद्ध होत नाही. म्हणून गाडीला हात लावण्याआधी परवानाधारक विमा सर्वेक्षकाला किंवा गाडीची विक्री-दुरुस्ती न करणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याला बोलवावे, आणि तपासणीची तारीख, वेळ व जागा विक्रेत्याला आधी लेखी कळवावी. तो आला नाही तरी चालेल. त्याला संधी दिली होती हे महत्त्वाचे.

तपासणीत काय पाहायचे ते सर्वेक्षकाला ठाऊक असते, तरी एक गोष्ट आपण स्वतः उभे राहून करून घ्यावी. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. गाडी धुणारे लोक गालिचा बदलतात, सीटची कव्हरे नवी घालतात, डॅशबोर्डला पॉलिश मारतात, पण गुंडाळीत आत राहिलेला पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग ओढून कोणी धूत नाही. पाणी जिथपर्यंत चढले तिथे त्यावर मातकट रेघ उमटलेली असते. मी चालवलेल्या एका प्रकरणात विक्रेत्याच्या वकिलाने अहवालाच्या प्रत्येक पानावर उलटतपासणी घेतली, पण त्या पट्ट्याच्या फोटोवर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीची खोबण आणि फ्यूज बॉक्सचा मागचा भाग यांचेही जवळून फोटो घ्यावेत.

व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण आहे त्या मोबाईलमध्ये जसेच्या तसे ठेवावे. मोबाईल विकू नये, बदलू नये, आणि आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांची सोय चालू असेल तर ती तत्काळ बंद करावी. संभाषण एक्स्पोर्ट करून घ्यावे, विक्रेत्याचा क्रमांक आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्यावेत. मूळ मोबाईलऐवजी छापील प्रती न्यायालयात द्यायच्या असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा मसुदा वकील तयार करून देतो. विक्रीची जाहिरात अजून इंटरनेटवर दिसत असेल तर तीही आजच जतन करावी, उद्या ती असेलच असे नाही.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवावी आणि तिची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही द्यावी. वकिलाच्या नोटिशीत पुष्कळदा रागच जास्त आणि वस्तुस्थिती कमी असते. मी साधारण असे लिहीन: 'दिनांक अमुक रोजी माझ्या अशिलाने गाडी पुरात सापडली होती का, असे आपणांस विचारले असता गाडी तेव्हा पुण्यातच होती व एकही क्लेम नाही, असे आपण लेखी कळविले. त्या विधानावर विसंबून माझ्या अशिलाने 3,85,000 रुपये दिले. सदर विधान असत्य असल्याचे सोबतच्या नोंदीवरून दिसून येते. सबब माझे अशील हा करार रद्द करीत असून गाडी आहे त्या ठिकाणी आपल्या स्वाधीन करण्यास तयार आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत संपूर्ण रक्कम परत करावी.' गाडी परत देण्याची तयारी नोटिशीत असायलाच हवी, कारण करार रद्द करणाऱ्याने मिळालेला लाभ परत केला पाहिजे.

दाद कुठे मागायची, याबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज ग्राहक आयोगाबद्दल आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील 'व्यापारी' या व्याख्येत स्वतःची गाडी एकदाच विकणारा माणूस येत नाही, त्यामुळे आयोगात केलेली तक्रार बहुधा दाखल होतानाच अडते आणि त्यात महिने जातात. पण विक्रेता खरोखरच खासगी आहे ना, हे एकदा तपासावे. त्याच मोबाईल क्रमांकावर आणखी चार गाड्यांच्या जाहिराती आहेत का, पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्यावरचे नाव आरसी बुकावरच्या नावाशी जुळते का, इसार घ्यायला आलेला माणूस मालकच होता का? तो माणूस आडून धंदा करणारा दलाल निघाला, तर चित्र पालटते. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे, आणि अशा व्यापाऱ्याविरुद्ध दोन वर्षांच्या आत आपण राहता त्याच जिल्ह्याच्या, म्हणजे साताऱ्याच्या आयोगात तक्रार करता येते; 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही.

पोलिसांत जावे का? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीची शिक्षा आहे, पण तिथे व्यवहाराच्या क्षणीच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. चेसिस क्रमांक खाडाखोड केलेला निघाला, बँकेचे कर्ज फेडल्याचा कागद बनावट निघाला, किंवा मीटर मागे फिरवल्याचे स्कॅनरमध्ये दिसले, तर मी आधी पोलीस ठाण्यातच जायला सांगेन. आपल्या प्रकरणात, विक्रेत्याला पूर ठाऊक होता याचा धागा मिळेपर्यंत, ठाणेदार 'हा दिवाणी मामला आहे' असे म्हणेल आणि या घडीला तो फारसा चुकणारही नाही.

राहिले दिवाणी न्यायालय. दावा पुण्यात करणे सुरक्षित, कारण विक्रेता तिथे राहतो आणि गाडीचा ताबा तिथेच मिळाला. मुदत तीन वर्षांची आहे, आणि कपटाच्या बाबतीत ती कपट उघड झाल्यापासून मोजतात; पण करार रद्द करायला तीन वर्षे आहेत असा अर्थ कृपया काढू नये, महिनोन्महिने गाडी जवळ बाळगली की ती स्वीकारली असेच धरले जाते. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करावा, असे मी सुचवीन. खर्च जवळजवळ नाही, विक्रेत्याला अधिकृत बोलावणे जाते, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते.

तडजोडीत साधारण काय पदरात पडते, हेही विचारले आहे म्हणून सांगतो. पूर्ण 3,85,000 रुपये आणि वर मनस्तापाची भरपाई मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. वापरापोटी दहा-पंधरा हजार वजा करून गाडी परत घेणारा विक्रेता भेटला, तर तो प्रस्ताव स्वीकारावा. गाडी आपल्याकडेच ठेवून दुरुस्तीचे अर्धे पैसे देण्याचा प्रस्ताव आला, तर पुढच्या पावसाळ्याचा विचार करूनच उत्तर द्यावे. कोणताही प्रस्ताव मान्य केलात तरी तो लेखी घ्यावा, किल्ली पैसे खात्यावर जमा झाल्यानंतरच द्यावी, आणि सह्या केलेले टीटी फॉर्म फाडून न टाकता विक्रेत्याला परत करून त्याची तारखेसह पोच घ्यावी.